सही तेवढी करून दे

मागच्या महिन्यात नागपूरहून दादाचा मेसेज आला. सोबत मुखत्यारपत्राचा मसुदा, घरातला माझा वाटा सोडून देणारं हक्कसोडपत्र तिकडे माझ्या वतीनं करता यावं म्हणून. "दूतावासात जाऊन सही तेवढी करून दे." बाबांना जाऊन वर्ष झालं. हनुमाननगरचं घर त्यांनी पगारातून बांधलेलं, मृत्युपत्र नाही. म्हणजे आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा. मी काही बोलायच्या आत काकूंचा फोन. "तू तिकडे युरोत कमावून राहिली, तुले काय कमी आहे बाप्पा? माहेर तुटेल ना!"

सोळा वर्षं झाली मला जर्मनीत. नातेवाइकांचं ठाम मत, की इथली हवा लागली म्हणून पोरगी बोलायला लागली. माझा अनुभव उलटा. सहा वर्षं ऑफिसात मी पगारवाढ मागितली नाही. मागणं बरं दिसत नाही, हे नागपूरहून बॅगेत भरूनच आणलं होतं. आणि इथला कायदाही काही फार सोवळा नव्हता. १९७७ पर्यंत बायकोनं नोकरी करायची ती घरसंसाराच्या जबाबदाऱ्या सांभाळून जमत असेल तरच, असं त्यात लिहिलेलं होतं. हां, एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बापानं मृत्युपत्रात मुलीला वगळलं, तरी एरवी मिळाला असता त्याच्या निम्मा वाटा ती पैशात मागू शकते. त्यावरून भावंडांची भांडणं इथंही होतात. 'माहेर' मात्र मध्ये येत नाही.

आपल्याकडे १९५६ पासून वाटा आहे, पण भाऊ राहत्या घराची वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला ती मागता येत नसे. ती अट २००५ मध्ये गेली. माझ्या दोन्ही आत्यांनी त्याच्या कितीतरी आधी एका दुपारी सह्या केल्या. एकेक साडी मिळाली. पुढे थोरल्या आत्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाबांकडेच उसने मागावे लागले. बाबांनी दिले, आनंदानं दिले. पण मागतानाचा तिचा आवाज मी ऐकलाय.

बायकांचं बोलणं परदेशातून आलं म्हणणाऱ्यांना आपलं गावच ठाऊक नाही. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली होती. घटस्फोटाचा हक्क कायद्यानं मिळावा, असा ठराव त्यांनी केला. नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीनं वागा, असं बाबासाहेबांनी त्यांना तिथंच सांगितलं. त्यातल्या कितीजणींचा पासपोर्ट होता?

दादा वाईट नाही. आईचं सगळं तोच पाहतो, आणि त्याचा हिशेब वाटणीत धरायला माझी ना नाही. पण हिशेब मांडायचा तर तो मांडू तरी. मी लिहिलं, "दादा, आधी घराची आखीव पत्रिका पाठव." म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे, ते दाखवणारा सरकारी कागद.

दोन दिवसांनी फोन आला, तो आईचा. आवाज हळू, बहुतेक मागच्या अंगणातून. "त्या कागदावर माझं नाव आहे का, पाहून सांगजो."