इतिहास घ्यायचाच असेल तर

तुम्ही लोहगड अकरा वेळा चढला आहात. विंचूकाट्यावर भगवा धरून काढलेला फोटो तुमच्या डीपीला आहे. अफझलखानाच्या भेटीची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी १० नोव्हेंबर १६५९ असं धाडकन सांगता. मग यूपीएससीच्या ऑप्शनलसाठी, म्हणजे वैकल्पिक विषयासाठी, डोकं कशाला खाजवताय? इतिहासच घ्या.

भूगोलवाल्यांना आकृत्या काढाव्या लागतात. मानववंशशास्त्रात जनुकं आणि कवट्या आहेत. लोकप्रशासन घेणाऱ्याला आपला विषय कंटाळवाणा आहे हे निदान आधीपासून ठाऊक असतं. इतिहासाचं तसं नाही. इतिहास म्हणजे गोष्टी, आणि त्या तर आजीनंच सांगून ठेवल्यात. जाऊन नुसत्या लिहायच्या. मेन्सच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्या, लेखी १७५० गुणांतले ५०० या एका विषयाचे आहेत, अडीचशे-अडीचशेचे दोन पेपर. २०१३ च्या आधी असे दोन विषय घ्यावे लागत, म्हणजे चुकायला दोन जागा होत्या. आता एकाच चुकीत भागतं.

अभ्यासक्रम मात्र फॉर्म भरायच्या आधी वाचू नका. पहिल्या पेपरात घटकांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात महाराज शोधायला गेलात तर पार खाली, सतराव्या शतकातल्या मोगल साम्राज्याच्या घटकात, अहोम राज्याच्या पाठोपाठ सापडतात. १६६६ साली आग्र्याहून सुटून आले, पण आयोगानं पुन्हा मोगलांच्याच घटकात नेऊन बसवलं. तिथंही प्रश्न येतो तो चौथ-सरदेशमुखीवर नाहीतर राज्यकारभाराच्या स्वरूपावर. प्रतापगडाच्या पायथ्याशी आधी कोणी कोणाला मिठी मारली यावर तुमची जी दीड तासाची तयारी आहे, तिला शून्य गुण.

मग बाकीच्या यादीत आहे तरी काय? मडकी. राखाडी रंगाची चित्रित मडकी, काळी-तांबडी मडकी, उत्तरेकडची काळी चकचकीत मडकी, आपली जोर्व्याची मडकी. पहिल्या सहा महिन्यांत तलवार एकदाही उपसली जात नाही. ज्याला वर्गात बसल्या बसल्या 'हर हर महादेव' ऐकू येत होतं, तो डिसेंबरपर्यंत खापराच्या रंगावरून शतक सांगायला लागतो.

पण खरी मजा नकाशात आहे. पहिलाच प्रश्न, आणि सक्तीचा. भारताच्या नकाशावर वीस ठिपके, प्रत्येकाला अडीच गुण, प्रत्येकावर तीसेक शब्दांची टीप. मदत म्हणून प्रत्येक ठिपक्याला एक ओळ दिलेली असते: 'नवाश्मयुगीन स्थळ', 'शिलालेखाचे ठिकाण', 'प्राचीन राजधानी'. या देशात दर तिसऱ्या गावच्या सरपंचाच्या मते ते गाव प्राचीन राजधानीच होतं, त्यामुळे ही शेवटची ओळ फार उपयोगी पडते. ठिपका केसभर सरकला की दायमाबादचं नेवासं होतं. मी एका टेस्ट सिरीजमध्ये ठिपक्याला पैठण म्हणून सातवाहनांवर तीस शब्द उधळले होते. ठिपका तेरचा होता. सातवाहन तिथंही होते, पण तपासणाऱ्यानं ते मनावर घेतलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रातली ठिकाणं आली तर आपण राजे. नाणेघाटात तुम्ही पावसाळ्यात गेला आहातच. उलटा धबधबा पाहिलात, रील काढली, भाजलेलं कणीस खाल्लंत. पाऊस वाढला म्हणून ज्या गुहेत शिरलात तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे: कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून काय काय दिलं, सगळं आकड्यांसकट. तुम्ही त्या गुहेत शूज उलटे करून पाणी काढत होता. अडीच गुण पाठीमागच्या भिंतीवर होते.

इनामगाव मात्र पाठ कराच. पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी, ताम्रपाषाणयुगीन वस्ती. इथं लहान मुलांना रांजणांत घालून घरातच पुरत आणि मोठ्यांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडत. का, तर मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असं एक मत आहे. अभ्यासिकेत ही वेळ येत नाही. तिथं महिन्याची फी आगाऊ घेतात.

'असं एक मत आहे' हे वाक्य लक्षात आलं का? सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. १८५७ हे शिपायांचं बंड की स्वातंत्र्ययुद्ध? भारतात सरंजामशाही होती का? अठरावं शतक अंधारयुग होतं का? प्रश्नाच्या शेपटीला 'चिकित्सक परीक्षण करा' असं लिहिलेलं असतं, आणि परीक्षण म्हणजे निकाल द्यायचा नाही. होतं म्हणणाऱ्यांचा एक परिच्छेद, नव्हतं म्हणणाऱ्यांचा एक, आणि शेवटी प्रदेशाप्रदेशानुसार परिस्थिती वेगवेगळी होती असं म्हणून दीडशे शब्दांत उठायचं. दोन वर्षांत हे इतकं अंगात मुरतं की आईनं फोनवर विचारलं, "बाळा, या वेळी होईल ना रे?" तर तोंडातून निघतं, "याबाबत दोन मतप्रवाह आहेत." वडील लाइनवर असतील तर एक मतप्रवाह लगेच कमी होतो.

दुसऱ्या पेपरात आधुनिक भारत आणि जगाचा इतिहास. आधुनिक भारताचा जीएसला, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरांना, फायदा होतो असं तुम्हाला प्रत्येक जण सांगेल, विशेषतः ज्यांची प्री, म्हणजे पूर्व परीक्षासुद्धा निघालेली नाही ते. जगाच्या इतिहासाबद्दल कोणी काही सांगत नाही, कारण तिथपर्यंत पोचेस्तोवर ऑगस्ट उजाडतो. रूसो, कान्ट, नेपोलियन, बिस्मार्क, लेनिन हे सगळे मेन्सच्या आधीच्या पंधरवड्यात एकाच खोलीत राहायला येतात. त्यातल्या त्यात कान्ट आपला वाटतो. जन्मभर कोनिग्जबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून कुठं गेला नाही, ठरल्या वेळी फिरायला निघायचा आणि लोक म्हणे त्याच्यावरून घड्याळं लावायचे. आपलंही खोली, अभ्यासिका, मेस, अभ्यासिका. घड्याळं तेवढी कोणी लावत नाही.

राहायला अर्थात पेठांतच या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली जागा नाही. सदाशिव पेठेत कॉट घ्या. ही पेठ ज्यांच्या नावाची, ते भाऊसाहेब पानिपतावर गेले आणि १४ जानेवारी १७६१ च्या लढाईतून परत आले नाहीत. तिथं भाडं परवडत नसेल तर शेजारी नारायण पेठ आहे. हे नारायणराव पेशवे. ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी मागे लागले, तेव्हा शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' म्हणत धावले. काका म्हणजे राघोबादादा, आणि 'धरावे'चं 'मारावे' झालेली चिठ्ठी म्हणे काकूंची. एक पेठ हरलेल्याच्या नावाची, दुसरी मारल्या गेलेल्याच्या. हजारो पोरं यश मिळवायला इथंच येतात आणि कोणालाही अपशकुन वाटत नाही. घरमालकांना तर मुळीच नाही.

पानिपतानंतर आणखी एक झालं, ते मार्गदर्शन निवडताना कामी येईल. भाऊसाहेब गेले, पण पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक तोतया निघाला. १७७६ मध्ये तर त्यानं कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले, आणि भलीभली माणसं त्याला मुजरा करून आली. तेव्हा मेन्समध्ये चारदा पडलेले कोणी सर ऑनलाइन बॅच काढून 'इतिहासात तीनशे पार' शिकवत असतील, तर उगाच शंका घेऊ नका. परंपरा जुनी आहे. फी हप्त्यानं घेतात.

निकालाच्या दिवशीही हा विषय साथ सोडत नाही. पानिपतची बातमी पुण्याकडे आली ती सांकेतिक भाषेत: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. यूपीएससीच्या २०२३ च्या परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. मोत्यांचे फ्लेक्स चौकात लागले. उरलेला खुर्दा आम्ही. खुल्या गटाला बत्तीस वर्षं आणि सहा अटेम्प्ट मिळतात. मी चार वापरले आणि दोन सरकारला परत केले. त्या चार वर्षांच्या नोट्स अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. रद्दीवाला म्हणाला, हातानं लिहिलेल्याला भाव नाही.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण काल रात्री फोन आला. भावाचा मुलगा. पदवी झाली, गेल्याच आठवड्यात पुण्यात आलाय. कॉट स्वस्तात मिळाली म्हणून खुशीत होता. नारायण पेठेत.

"काका," म्हणाला, "ऑप्शनल कुठला घेऊ?"

"इतिहास घे," मी म्हणालो. "बिनधास्त घे. नोट्स आहेत माझ्याकडे."