पाच प्रकारे उघडणारं कुलूप

आमच्या दाराच्या नव्या कुलपाने परवा मला ओळखायला साफ नकार दिला. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा मजकूर मध्येच कडवट झाला तर सांभाळून घ्या.

झालं एवढंच. भांडीवाल्या मावशी गावाला गेलेल्या, बायको हिंजवडीला ऑफिसात, मुलगी कॉलेजात. भांडी घासून मी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला गेलो आणि मागून वाऱ्याने दार लागलं. पूर्वी आमच्या दाराला कडी-कोयंडा होता. वारा कितीही सुटो, कोयंडा स्वतःहून कधी लागला नाही. तेवढी अक्कल त्याला नव्हती. नव्या कुलपाला आहे. 'टुंग' असा आवाज झाला आणि एका बाईने अत्यंत सुसंस्कृत इंग्रजीत जाहीर केलं, 'डोअर लॉक्ड.'

हे कुलूप पाच प्रकारे उघडतं. खोक्यावरच लिहिलंय, फाइव्ह इन वन. कार्डाने उघडतं, कार्ड पाकिटात, पाकीट पँटीत आणि पँट आतल्या खुंटीला. मोबाइलने उघडतं, मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. आकडे दाबून उघडतं. ते आकडे मुलीने आदल्या रात्री 'सिक्युरिटी'साठी बदलले आणि घरच्या ग्रुपवर टाकले, म्हणजे तेही मोबाइलमध्येच. चावीनेही उघडतं, पण कुलूप बसवायला आलेला मुलगा म्हणाला होता, "सर, ही लागणारच नाही, कपाटात टाकून द्या." चावी कपाटात आहे. सुरक्षित आहे. पाचपैकी चार उपाय घराच्या आत आणि पाचवा माझ्या उजव्या हाताला, तासभर भांडी घासून मनुकेसारखा सुरकुतलेला.

अंगठा लावला. 'प्लीज ट्राय अगेन.' बनियनला पुसून लावला. 'प्लीज ट्राय अगेन.' नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे नाना जिन्यावरून उतरले.

नाना एसटीतून निवृत्त झाले ते तिकीट तपासनीस म्हणून. निवृत्त झाले म्हणजे महामंडळाने पगार थांबवला, बाकी काम चालूच आहे. सोसायटीत शिरणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी बिनतिकीट असतो, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यांनी मला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. बर्म्युडा, बनियन, हातात रिकामी बादली.

"बाहेर का?"

"दार लागलं."

"मग उघडा."

"तेच करतोय."

ते पायरीवर बसले. कंडक्टरच्या पिशवीतल्या पैशांचा हिशेब लागेपर्यंत गाडी हलू न देण्याची ही बैठक. मी पुन्हा अंगठा लावला. 'प्लीज ट्राय अगेन.'

नानांचा चेहरा बदलला. "आत कोण बाई आहेत?"

"कुणी नाही. कुलूप बोलतंय."

"वहिनी तर साडेआठलाच गेल्या. मी गॅलरीत होतो."

"नाना, आवाज कुलपातून येतो."

"असेल, असेल. मी काही म्हणत नाही." एवढं म्हणून ते आवाज खाली आणून म्हणाले, "पण मराठी नाहीत वाटतं."

यावर माणसाने काय उत्तर द्यावं? मी रागाने अंगठा दाबला, तिरका दाबला, आडवा दाबला. नाना पाहत होते. "एवढं शिकलात, एम.कॉम. झालात, आणि शेवटी अंगठाच ना?" मग स्वतःच विरघळले. "माझंही तेच होतं म्हणा. हयातीच्या दाखल्याला."

आणि मग ती कहाणी. २०१४ साली सरकारने 'जीवन प्रमाण' काढलं, म्हणजे पेन्शनरने मशीनवर बोट ठेवून मी जिवंत आहे असं सिद्ध करायचं. नानांची पेन्शन दोन हजार तीनशे. बत्तीस वर्षं तिकिटं चाचपून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. मशीन त्यांना जिवंत मानायला तयार होईना. उजवा अंगठा मेलेला निघाला, उजवी तर्जनी मेलेली निघाली. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोटसुद्धा गेलं. शेवटी डावं मधलं जिवंत सापडलं. "तेव्हापासून मी या बोटाला जपतो," नाना म्हणाले आणि त्यांनी ते बोट मला दाखवलं. खालून येणाऱ्या पार्सलवाल्या पोराने नेमकं तेवढंच पाहिलं आणि तो पार्सल खालच्याच मजल्यावर ठेवून निघून गेला.

"तुमचं घर उघडत नाही, माझा जीव उघडत नव्हता," नाना म्हणाले. वाक्य त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी ते परत म्हटलं.

ओल्या बोटाचं शास्त्र मला नंतर कळलं. बोटावरच्या उंचवट्यांत आणि खाचांत विजेचा जो सूक्ष्म फरक पडतो, तो हे सेन्सर वाचतात. खाचांत पाणी भरलं की फरक संपला, तुम्ही संपलात. म्हणजे एकवीस हजार पाचशे रुपयांचं हे यंत्र अशा माणसासाठी आहे, ज्याच्या घरी भांडी दुसरं कुणीतरी घासतं. हे खोक्यावर नव्हतं लिहिलेलं.

किमतीचा विषय नानांनीच काढला. "केवढ्याला पडलं?"

"डिस्काउंटमध्ये मिळालं."

"ते ठीक. केवढ्याला?"

"फेस्टिव्हल ऑफर होती."

"कुठून कुठपर्यंत?" सवय जात नाही. मी आकडा सांगितला. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर ओढलं. जानव्याला एक पितळी चावी. "बोहरी आळीतनं घेतलेलं नवताल कुलूप. मुलगा झाला त्या साली. मुलगा आता पन्नाशीला आला. अंघोळीला गेलो तरी चावी अंगावर. सेल नाही, चार्जिंग नाही, बाई नाही." चावी परत आत गेली. "गॅरंटी किती वर्षं?"

"दोन."

"कुलपाला?"

त्या एका प्रश्नात इतका निखळ अविश्वास होता की मला कंपनीची बाजू घ्यावीशी वाटली. पण घेणार काय? आर्देशिर गोदरेजांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून कुलूप ही एकदा विकत घेऊन विसरायची वस्तू होती. ती आता दर काही महिन्यांनी सेल मागते आणि अपडेट मागते. आमचं कुलूप गेल्या महिन्यात 'अपडेट होत आहे' म्हणाल्यावर आम्ही तिघं दारात पाहुण्यासारखे उभे होतो. घर आमचं, हप्ता आमचा.

आणि शहाणपण शिकवायला मी कोण? हे नेहमीचंच आहे. २००७ साली जूनच्या शेवटी अमेरिकेत पहिला आयफोन रांगा लावून लोकांनी ५९९ डॉलरला घेतला, आणि सप्टेंबरात तोच ३९९ ला आला. रांगेतल्यांनी इतका कालवा केला की स्टीव्ह जॉब्जने त्यांना दुकानात खर्चायला शंभर-शंभर डॉलरची कुपनं दिली. रोख नाही, त्याच दुकानात खर्चायची. त्याहून माझा लाडका प्रकार म्हणजे ज्युसेरो. इंटरनेटला जोडलेलं रसाचं यंत्र, सुरुवातीची किंमत ६९९ डॉलर. त्यात कंपनीचीच पिशवी घालायची आणि यंत्राने ती पिळायची. २०१७ साली ब्लूमबर्गच्या वार्ताहरांनी ती पिशवी नुसत्या हातांनी पिळली, रस जवळपास तितकाच निघाला. त्याच वर्षी कंपनी बंद. आपल्याकडच्या कुठल्याही रसवंतीवाल्याला विचारलं असतं तर त्याने आल्या-लिंबासकट फुकट सांगितलं असतं.

पण उलटंही आहे, हे नानांना सांगायचं राहिलं. ३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. तेव्हा मोबाइल घेणाऱ्याला आम्ही वेडा म्हटलं. आज त्याच वस्तूविना मी स्वतःच्या दाराबाहेर उभा होतो. म्हणून महागडं नवं यंत्र बघितलं की नाक मुरडावं की खिसा चाचपावा हे मला अजून कळत नाही. फक्त एवढं कळतं की मोबाइलने पूर्वी न होणारं काहीतरी करून दाखवलं. दार तर पूर्वीही उघडत होतं.

तेवढ्यात मी बहुधा एकदा जास्त अंगठा लावला असणार. कुलपाने 'सिस्टिम लॉक्ड' म्हटलं आणि भोंगा सुरू केला. चारही मजल्यांची दारं उघडली, आमचं सोडून. कुणी चोर म्हणालं, कुणी सिलिंडर म्हणालं. नाना उभे राहिले आणि त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून अधिकृत निवेदन केलं, "काही नाही, यांना घरात घेत नाहीयेत!"

मग फोन. माझा आत. बायकोचा नंबर मला पाठ नाही. तो मोबाइलला पाठ आहे. नानांनी वर जाऊन फोन आणि हाताने लिहिलेली नंबरांची वही आणली. आमचा नंबर 'क' खाली होता, कुलूपवाले. बायकोने अनोळखी नंबर म्हणून दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला.

"तू तिथून उघड ना! मोबाइलवरून उघडतं म्हणाले होते."

"ते घराजवळ असलं तर. लांबून उघडायला गेटवे लागतो. तो वेगळा घ्यायचा, साडेचार हजार. तूच नको म्हणालास."

दुकानात दाखवताना त्या सेल्समनने पुण्यातून दुबईचं दार उघडल्याचा व्हिडिओ दाखवला होता. गेटवेचा शब्द नाही. अर्धी वस्तू विकायची, उरलेली अर्धी नंतर, आणि मधल्या काळात माणूस जिन्यात. याला ते इकोसिस्टिम म्हणतात.

बायकोने आकडे सांगितले. फोन स्पीकरवर होता, कारण नानांना दुसऱ्या पद्धतीने तो वापरता येत नाही. आणि ऐकलेलं मोठ्याने म्हटल्याशिवाय त्यांना पटतही नाही. "आठ. बरोबर? आठ. शून्य. शून्यच ना?" स्वारगेटच्या फलाटावर घोषणा व्हावी असा आवाज. शेवटच्या आकड्याला तळमजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "पाच की सहा?"

"सहा!" नाना म्हणाले.

दार उघडलं. 'वेलकम होम,' बाई म्हणाली.

शनिशिंगणापुरात घरांना कुलपं नसतात. २०११ साली यूको बँकेने तिथे शाखा काढली, तीही 'बिनकुलपाची' म्हणून. काचेच्या दाराला कुणाच्या नजरेत न भरणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतं म्हणे. ती जागा आता माझ्या डोक्यातून जात नाही. आमचीही सोसायटी त्या दिवसापुरती शिंगणापूरच होती, आकडे सगळ्यांनाच ठाऊक.

ग्राहक सेवेला फोन केला. त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, आपण हाताला मॉइश्चरायझर लावता का?" तंत्रज्ञ पाठवायचे पाचशे नव्वद, जीएसटी धरून. तो आला, त्याने माझी दहाही बोटं नोंदवून घेतली, 'कुठलं ना कुठलं चालेल' म्हणाला, आणि जाताना पाच तारे मागितले.

संध्याकाळी नाना आले. हातात कागद, पेन. मुलगा बंगळुरूहून त्यांच्यासाठी असंच कुलूप पाठवतोय, ऑर्डर झाली, आता नको म्हणता येत नाही.

"मग? प्रश्न काय आहे?"

"त्याला मधलं बोट चालतं का, ते विचारून ठेवा."