बारा जावयांची गोधडी

आईच्या ट्रंकेत तिनं लग्नाआधी भरतकाम केलेले 12 चौकोन सापडले. पोपट, मोर, तुळशीवृंदावन, शिवाय आई ज्याला हरीण म्हणते आणि बाकी घर शेळी, तो एक प्राणी. निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी त्याच दिवशी आली होती. त्या भरात मी सासूबाईंसमोर बोलून गेले, "यांची गोधडी करते!"

मधे चार इंची पट्ट्या घालून चौकोन जोडले, खाली दोन जुन्या सुती साड्या लावल्या, कच्चा दोरा घातला. इथवर मी कलावंत होते.

साधी गोधडी म्हणजे पंगत. धावदोरा निघाला की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना सारखं वाढत जातो. भरतकामाचा चौकोन मात्र जावई. त्याच्या अंगावरून दोरा न्यायचा नाही, नक्षी चेपते. मग पाव इंच अंतर राखून त्याच्याभोवती फिरायचं. पोपटाची चोच आली, वळा. शेळीची, म्हणजे हरणाची, शिंगं आली, पुन्हा वळा. मोराच्या फार जवळ गेले, तर मागच्या बाजूला आईनं मारलेल्या गाठींत सुई अशी रुतली की पक्कड आणावी लागली. अधिक महिन्यात एक जावई सांभाळताना घाम फुटतो, इथे डझनभर!

त्यात मी सुरुवात केली कडेनं. सगळा झोल मधे गोळा झाला आणि बिनटाक्याचा पोपट पुरीसारखा टम्म फुगला. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भाकरी काय काठावरून थापतेस? मधून बाहेर ये." तीन रात्रींचे टाके एका दुपारी उसवले. उसवताना हात कसा सरसर चालतो!

आता संक्रांत उलटली. मधून बाहेर येत पाच जावई मार्गी लागलेत. पोपटाच्या पोटात, पंखांच्या मधल्या रिकाम्या जागी, दोन टाके लपवले तेव्हा कुठे तो खाली बसला. रात्री शिवताना पाय गारठतात, म्हणून सासूबाईंची लुगड्याची गोधडी मांडीवर घेऊन बसते. काल हरणाची शिंगं पुरी केली, गाठ मारली आणि ऐटीत उठले, तर मांडीवरची गोधडीही सोबत उठली.

सासूबाईंनी दोन्ही गोधड्या उलटून पाहिल्या.

"टाका सरळ आलाय हो, पहिल्यांदाच."