कृपया लॅपटॉप बंद करू नका

मी ते मुद्दाम केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. रात्री पावणेनऊला लॅपटॉप बंद करायला गेलो तर मेनूमधे जिथे रोज 'शट डाऊन' असतं तिथे 'अपडेट अँड शट डाऊन' आणि त्याखाली 'अपडेट अँड रीस्टार्ट', म्हणजे नुसतं बंद करायची सोयच ठेवलेली नाही. त्यात माझं बोट नेहमीप्रमाणे चुकीच्या ओळीवर पडलं.

तसा दोष माझाही आहे. गेले तेवीस दिवस तो कोपऱ्यातून बिचारा विचारत होता, करू का अपडेट, आणि मी दर वेळी 'नंतर आठवण करा' दाबत होतो. भाच्याने मागेच दम दिला होता. "मामा, अपडेट टाळत जाऊ नकोस. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने जगभर कॉम्प्युटर लॉक करून खंडणी मागितली ना, त्याचा तोडगा मार्चमधेच आला होता. ज्यांनी वेळेत अपडेट टाकलं नाही ते अडकले." मी म्हटलं माझ्या लॅपटॉपमधे खंडणी द्यावी असं आहे काय? यावर तो काही बोलला नाही पण त्याचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

तर सुरू झालं. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, आणि 'आम्ही अपडेट्सवर काम करत आहोत'. हे 'आम्ही' कोण? खोलीत मी एकटा. पुढे माझ्या लक्षात आलं की काम चालू असतं तोवर 'आम्ही' असतं, बिघडलं की लगेच 'तुमच्या डिव्हाइसमध्ये अडचण आली आहे' होतं. माझ्या ऑफिसात असाच एक माणूस आहे, जाऊ दे.

30 टक्क्यांपर्यंत भराभर गेलं आणि मग तिथेच ठिय्या. अर्धा तास 30. खाली 'कृपया लॅपटॉप बंद करू नका'. सकाळी नऊला माझं प्रेझेंटेशन, फाइल याच्या पोटात, आणि मी समोर बसून त्या आकड्याला मनातल्या मनात ढकलतोय. नंतर भाच्याकडून कळलं की ती टक्केवारी वेळ मोजतच नाही, कामाचे टप्पे मोजते, आणि सगळे टप्पे सारखे नसतात, एखादा दोन सेकंदांत होतो आणि एखाद्याला पाऊण तास लागतो. मग दाखवता कशाला? तर त्याचंही उत्तर आहे. ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने 1985 सालीच या 'किती टक्के झालं' वाल्या पट्ट्यांचा अभ्यास केला होता आणि लोकांना त्या आवडतात असं त्याला दिसलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

पावणेअकराला एकदाचा लॅपटॉप सुरू झाला. 'सगळं तुम्ही ठेवलं होतं तिथेच आहे' असा मेसेजही आला. खरंच होतं, फाइल्स जागच्या जागी होत्या. फक्त टचपॅड मेला होता. आवाज गेला होता. वाय-फायचं चिन्ह गायब, आवाज कमीजास्त करायची वरची बटणं दाबली तर ढिम्म काही होत नाही, आणि पंखा मात्र उड्डाणाच्या तयारीत असल्यासारखा घरघरत होता. झाकण लावलं की लॅपटॉप झोपायला हवा ना? आमचा झाकण लावल्यावरही आत जागाच.

जुना वायरलेस माऊस शोधला. माऊस सापडला, त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर सापडला नाही.

मग टॅब. टचपॅड नसताना लॅपटॉप चालवणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. टॅब दाबला की ती बारीकशी चौकट एका बटणावरून दुसऱ्यावर उडी मारते. मला हव्या त्या बटणापर्यंत सतरा टॅब लागायचे. मी मोजत जायचो, चौदा, पंधरा, सोळा, सतरा आणि हात जोरात असल्यामुळे अठरा. झालं, आता पुन्हा अख्खी प्रदक्षिणा. शिफ्ट धरून टॅब दाबला की चौकट मागे येते हे मला त्या रात्री बारा वाजता कळलं, तोपर्यंत मी निदान चाळीस प्रदक्षिणा घातल्या असतील. असा टॅब टॅब करत मी स्पीकरच्या चिन्हापर्यंत पोचलो आणि आवाज वाढवत वाढवत 100 वर नेऊन ठेवला. आवाज आला नाही. तसाच ठेवला.

वाय-फायसाठी लॅपटॉपमधलंच मदत केंद्र उघडलं. त्याने दोन मिनिटं विचार केला आणि सांगितलं, अडचण शोधण्यासाठी कृपया इंटरनेटला जोडा.

शेवटी भाच्याला फोन लावला.

"मामा, रीस्टार्ट केलंस?"

"बंद करून चालू केला की दोनदा."

"ते रीस्टार्ट नाही."

"अरे बंद करून चालू करणं म्हणजेच..."

"नाही मामा. फास्ट स्टार्टअप चालू असलं ना की शट डाऊन केल्यावर सिस्टिमचा आतला भाग डिस्कवर लिहून ठेवतात आणि चालू केलं की तोच परत उचलतात. म्हणजे चूकसुद्धा जपून ठेवली जाते. रीस्टार्टमधे सगळं पहिल्यापासून सुरू होतं."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला बंद करणं समजत होतो ती नुसती डुलकी होती. रीस्टार्ट केलं. काही फरक नाही, पण आता निदान शास्त्रोक्त पद्धतीने फरक नव्हता.

मग त्याने फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायला लावला आणि फोनमधे टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायची सोय, चालू करायला सांगितलं, आणि खरंच, वाय-फाय नसताना इंटरनेट आलं! मी त्याही परिस्थितीत प्रेझेंटेशन स्वतःलाच मेल करून टाकलं. त्या रात्री मी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

पंख्याचं विचारलं तर म्हणाला अपडेटनंतर सगळ्या फाइल्सची नवी यादी बनत असते, करू दे त्याला, शांत होईल. बाकीच्या भानगडींचं मूळ ड्रायव्हरमधे निघालं. ड्रायव्हर म्हणजे सिस्टिम आणि स्पीकर, टचपॅड वगैरे मंडळी यांच्यातला दुभाषी. अपडेटने जुने दुभाषी काढून नवे नेमले होते आणि नव्यांना आमच्या घरची भाषा येत नव्हती. उपाय म्हणजे रोल बॅक, नव्याला काढून जुन्याला परत बोलवायचं. "आधी आवाजाचं करू, ते सोपं आहे," भाचा म्हणाला. "एखादा व्हिडिओ लावून ठेव, आवाज आला की लगेच कळेल. आणि मामा, काही झालं तरी मधेच लॅपटॉप बंद करायचा नाही. झाकणसुद्धा लावू नकोस."

डिस्कवर एकच व्हिडिओ होता. दोन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं ठरवलं होतं तेव्हा उतरवून घेतलेला व्यायामाचा, पंचेचाळीस मिनिटांचा. लावला. स्क्रीनवर एक पिळदार माणूस मुकाट्याने उड्या मारायला लागला. मी टॅब मोजत मोजत 'रोल बॅक ड्रायव्हर'पर्यंत गेलो, या वेळी बरोबर थांबलो. जुना ड्रायव्हर का हवा आहे असं त्याने विचारलं, पाच-सहा कारणं दिली होती, मनातलं कारण त्यात नव्हतं म्हणून पहिलंच निवडलं. एंटर.

रात्रीचे पाऊण वाजले होते. घर झोपलेलं. दहाएक सेकंद काहीच नाही.

आणि मग, "अजून जोरात! गुडघे वर! थांबायचं नाही!!"

100 वर ठेवलेला आवाज तो. मी खुर्चीतून अक्षरशः उडालो, म्हणजे एक गुडघा वर गेलाच. वरची बटणं दाबली, ती मेलेलीच. टचपॅड मेलेला. स्पीकरचं चिन्ह सतरा टॅब लांब. मोजायला लागलो तर तो माणूसही ढोल वाजवत मोजायला लागला, एक! दोन! तीन! आणि माझा हिशोब चुकला. भाचा फोनवर काहीतरी ओरडत होता, कुठलीतरी दोन बटणं दाब म्हणत होता बहुतेक, पण ऐकू कसं येणार? बंद करायचा नाही, झाकण लावायचं नाही. मी पलंगावरची उशी आणली आणि लॅपटॉपवर दाबून धरली.

दारात बायको उभी. तिच्यामागे मुलगा. मी उशीवर ओणवा, घामाघूम.

आणि उशीखालून आवाज, "शाब्बास! आता पुन्हा एकदा, पहिल्यापासून!"