दोन इंच दाब

परवा माळ्यावरची ट्रंक उघडली आणि नानांचा, म्हणजे वडिलांचा, लग्नातला सूट हाती लागला. साल 1976. राखाडी लोकरी कापड, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कॉलरखाली कसरीने पाडलेली दोन भोकं. नाना नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये होते. (कुठल्या प्रेसमध्ये, हे नाशिकरोडकरांना सांगायला नको.) पहिल्या पगारवाढीचे पैसे त्यांनी या सुटात घातले आणि त्यावरून आजोबा वर्षभर बोलत होते, असं आई अजून सांगते.

कोट मला झाला. पँट कमरेला येईना.

नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या शिंपी मास्तरांकडे घेऊन गेलो. सत्तरीचे गृहस्थ आहेत. पँट हातात घेतली आणि सुलट बाजू बघितलीसुद्धा नाही, आधी उलटी केली. मागच्या शिवणीवर अंगठा फिरवून म्हणाले, "दोन इंच दाब आहे की. काळजीच नको."

ज्यांचा शिवणकामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी: दाब म्हणजे शिवणीच्या आत दुमडून राखलेलं कापड. मास्तरांनी ब्लेडने शिवण उसवली. आतला दुमडलेला भाग बाहेरच्यापेक्षा दोन छटा गडद निघाला, जवळजवळ पन्नास वर्षं त्याला ऊनच लागलं नव्हतं. त्यावर पहिल्या शिंप्याच्या खडूची पुसट रेघही होती. मास्तर चष्मा वर करून हसले, "त्याला ठाऊक होतं, नवरदेव काही असाच काटकुळा राहणार नाही." ऑल्टरचे 300 रुपये झाले आणि पोट ज्याचं त्याच्या जागी बसलं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. हल्ली कॉलेज रोडवर संध्याकाळी चक्कर मारली तर पोरांच्या अंगावर आजोबांच्या काळातले कपडे दिसतात. उंच कमरेच्या, पुढे चुण्या म्हणजे प्लेट असलेल्या पँटी, विणलेले पोलो, तपकिरी लोफर. 'ओल्ड मनी' म्हणतात त्याला. खिशात मनी बाबांचा असतो, पण पोरं रुबाबदार दिसतात हे खरं. फाटक्या जीन्सपेक्षा मला तर हे शंभरदा आवडतं.

आणि त्या जुन्या कटाला कारणंही आहेत. तेव्हाची पँट कमरेच्या हाडावर लटकायची नाही, बेंबीच्या आसपास बसायची, बऱ्याचदा गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यांवर. कापड तिथून सरळ खाली पडायचं. उभं राहिलात की प्लेट मिटलेली, बसलात की ती उघडून मांडीला जागा देणार. सायकलवर टांग टाकताना शिवण उसवायची नाही. दिसायला छान हे नंतरचं.

पण आजची बरीचशी 'व्हिंटेज' पँट उलटी करून बघा. आत करंगळीच्या नखाएवढा दाब आणि त्यावर ओव्हरलॉक, म्हणजे कड गुंडाळणारी मशीनची शिवण. पुढच्या दिवाळीला दोन किलो वाढलात की ती पँट गेली. म्हणजे आकार आजोबांचा घेतला, हिशेब मात्र एका सीझनचा.

माझी स्वतःचीही फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका झगमगीत शोरूममधून 8,500 रुपयांचा ब्लेझर घेतला होता. कट अगदी जुन्या धर्तीचा, रुंद लॅपल. तिसऱ्या ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे आले, पापड भाजताना येतात तसे. मास्तरांनी बोटाने दाबून बघितलं, "गोंद सुटला, साहेब. याला मी काय करू?" अशा कोटात वरच्या कापडाला आतून आकार देणारा थर उष्णतेने चिकटवलेला असतो. जुन्या पद्धतीत घोड्याचे केस विणलेलं कॅनव्हास बारीक हातटाक्यांनी वरच्या कापडाला धरून ठेवतात. ते मोकळं असतं, त्यामुळे वापरून वापरून तुमच्या छातीचा आकार घेतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. सगळ्यात खालच्या काजाच्या खाली कापड चिमटीत धरून दोन्ही थर वेगळे ओढायचे. मधे तिसरा थर सरकताना लागला तर कॅनव्हास. नाही लागला तर गोंद, आणि मग किंमतही गोंदाचीच द्यावी. चिकटवलेला कोट म्हणजे पाप नाही, चांगला असेल तर वर्षानुवर्षं चालतो. माझी तक्रार त्याला हातकामाचा भाव लावण्याबद्दल आहे.

कापडाचंही तेच. 'सुपर 150' ऐकून आपण खूश. तो आकडा लोकर किती बारीक आहे एवढंच सांगतो. सुपर 100 म्हणजे 18.75 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक, 150 म्हणजे 16.25. जितकी बारीक तितकी मऊ आणि तितकीच नाजूक. रोज स्कूटरवर बसणाऱ्याने 100 च्या आसपासच राहावं.

बायका याबाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या. माझी बायको येवल्याला पैठणी घ्यायला गेली की पहिल्यांदा पदर उलटा करते. हातमागाची असेल तर मागची नक्षीही पुढच्यासारखीच स्वच्छ, यंत्रावरची असेल तर मागे कापलेले धागे. दुकानदारही न सांगता उलटून दाखवतो. आपण पुरुष मात्र आरशात डावी-उजवी बाजू बघतो आणि कार्ड पुढे करतो.

जुनं ते सगळं सोनं, असलं काही मला म्हणायचं नाही. त्याच ट्रंकेत नानांचा टेरिकॉटचा सफारीही निघाला. चॉकलेटी. एप्रिलच्या दुपारी तो घालून नाना शालिमारला कसे हिंडत असतील, देव जाणे. फाटत नाही, विटत नाही, हवाही जाऊ देत नाही. त्याच्याकडे बघून गळा दाटून वगैरे आला नाही, ट्रंकेत परत टाकला.

सूट मात्र निफाडचा पारा घसरला की घालणार आहे. भाच्याचं लग्न आहेच. मास्तरांकडे स्वतःसाठी एक नवी पँटही टाकली आहे. माप घेताना त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "दाब किती ठेवू?" मी म्हटलं, दोन इंच. त्यांनी एकदा माझ्या पोटाकडे बघितलं आणि वहीत अडीच लिहिलं.

आता अडलंय फक्त कोटाच्या एका काजापाशी. तिथला रेशमी दोरा विरलाय. मास्तरांची नजर आता तेवढं बारीक काम करू देत नाही, आणि त्यांचा काज करणारा कारागीर दोन वर्षांपूर्वी गावी गेला तो परतलाच नाही. नाशिकमध्ये किंवा देवळाली कॅम्पात हाताने काज करणारं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. मशीनचं काज नकोय.