टेंडर निघायच्या आधीच ठरतं

आमच्या गप्पांत आप्पांचा मुद्दा नेहमीचाच. शस्त्रखरेदी म्हणजे दलालीचा धंदा, बाकी सगळा देखावा. "बोफोर्स विसरलात का रे?"

"विसरलो नाही, पण पूर्ण आठवा की," मन्या म्हणाला. "1986 चा करार, 410 तोफा. वर्षभरात लाचेचं प्रकरण फुटलं. आणि त्याच तोफांनी 1999 ला कारगिलमध्ये शिखरं भाजून काढली. व्यवहार सडका होता, तोफ चांगली होती. पण त्या धसक्याने पुढे सही करायला कुणी धजेना. परदेशातून नवी तोफ घ्यायला थेट 2016 उजाडलं."

आप्पा गप्प झाले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत.

माझं म्हणणं मी तेव्हाही मांडलं, इथेही मांडतो. दलाल, किंमत, वाटाघाटी हे सगळं नंतरचं. खरा निर्णय होतो तो सैन्य आपली गरज कागदावर उतरवतं तेव्हा. वजन किती, पल्ला किती, किती उंचीवर चाललं पाहिजे. या निकषांच्या यादीला आपल्याकडे क्यूआर (क्वालिटेटिव्ह रिक्वायरमेंट्स) म्हणतात. त्यातली एकेक ओळ एकेका कंपनीला शर्यतीतून बाद करते. टेंडर त्यानंतर निघतं.

उदाहरण रायफलचं. 2011 मध्ये लष्कराला एकच रायफल हवी होती, जिची नळी बदलली की 5.56 मिमीऐवजी 7.62 मिमीची गोळी झाडता येईल. ऐकायला झकास. चाचण्या झाल्या, एकही रायफल निकषांना उतरली नाही, 2015 ला टेंडर रद्द. चार वर्षं गेली, आणि जवानाच्या हातात जुनी इन्सास रायफल तशीच राहिली. पुढे 2019 मध्ये 72,400 रायफली घेतल्या त्या साध्या, एकाच कॅलिबरच्या, म्हणजे एकाच मापाच्या गोळीच्या. कागदावर दोन ओळी कमी लिहिल्या असत्या तर? याचा मला खरंच राग येतो.

"म्हणजे क्यूआर नीट लिहिले की झालं?" वैशालीताईंनी अडवलं. "मग 126 लढाऊ विमानांचं काय? 2007 ला टेंडर, सहा विमानं शर्यतीत. लेहची उंची, जैसलमेरचं ऊन, सगळीकडे उडवून पाहिली. 2011 ला दोनच उरली. 2012 ला राफेल सर्वात स्वस्त ठरलं, तेही नुसत्या खरेदीच्या किमतीवर नाही, पुढची कित्येक वर्षं ते चालवायचा खर्च धरून. इतकं चोख करूनही करार झाला का?"

नाही झाला. त्यातली 108 विमानं एचएएल या आपल्या सरकारी विमान कारखान्यात बनायची होती, आणि त्यांच्या दर्जाची हमी कुणी द्यायची यावर घोडं अडलं. सरकार म्हणे जबाबदारी कंपनीची, कंपनीला ते मान्य नाही. 2015 ला तो मार्ग सोडून 36 विमानं थेट घ्यायचं ठरलं. पण ताई, हेही माझ्याच बाजूचं उदाहरण! एकच कागद दोघांनी दोन तऱ्हेने वाचला, आणि ते कळायला एवढी वर्षं लागली.

"आणि परराष्ट्र धोरण?" मन्याने विचारलं. रास्त प्रश्न. तुर्कस्तानने रशियाची एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि 2019 ला अमेरिकेने त्यांना एफ-35 या लढाऊ विमानाच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. चाचणीत कोण पहिलं येतं याने तिथे काहीच फरक पडत नव्हता. शस्त्र घेतलं की पुढची तीस वर्षं सुटे भाग, दारूगोळा, प्रशिक्षण, सगळं त्याच देशाकडून. म्हणून राजकीय निर्णय टळत नाही, आणि टळूही नये.

आप्पांना स्वित्झर्लंडचं आवडलं. तिथे 2014 ला लोकांनी मतदानात ग्रिपेन विमानं नाकारली, 2020 ला नव्या लढाऊ विमानांच्या सहा अब्ज फ्रँकच्या खरेदीला जेमतेम 50.1 टक्क्यांनी होकार दिला. विमान कोणतं हे मात्र सरकारने नंतर निवडलं. मला ही वाटणी पटते. खर्च करायचा का आणि किती, हे लोकांनी सांगावं. कोणतं यंत्र, हे ते वापरणाऱ्याने.

"वापरणाऱ्याने?" ताई म्हणाल्या. "क्यूआर लिहिताना रायफल खांद्यावर वाहिलेला हवालदार त्या खोलीत असतो का?"

असायला हवा. मन्याचं म्हणणं, असला तरी साहेबांसमोर तो बोलणार नाही. मग आप्पा म्हणाले, निदान टेंडर रद्द झाल्यावर कोणत्या ओळीमुळे झालं ते संसदेपुढे ठेवा. यावर आमच्यात कुणाचंच दुमत नव्हतं.