पॉली, ६० पौंड आणि दुखरं कोपर

टेनिस खेळणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक सल्ला फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. एकाने तर खाली पुस्ती जोडली होती, ‘तू गटिंग करतोस ना, मग हे वाच.’ गटिंग म्हणजे रॅकेटला तारा बसवणं. सल्ला थोडक्यात असा: “जगातले अव्वल खेळाडू पॉलिएस्टरच्या तारा वापरतात, तुम्हीही तेच लावा. कंट्रोल हवा तर तारा ६० पौंडांवर ताणा. जाड तार घ्या आणि तुटेपर्यंत बदलू नका. कोपर दुखलं तर डॅम्पनर (तारांत अडकवायचा रबरी तुकडा) लावा. नॅचरल गट (गाईच्या आतड्याची तार) आता इतिहासजमा झालं.”

पाच वाक्यं, पाचही ठाम. वाचलं, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रॅकेटी अशा का असतात ते कळलं.

अव्वल खेळाडू पॉली, म्हणजे पॉलिएस्टरच्या तारा, वापरतात, हे खरं आहे. १९९७ साली गुस्ताव्हो कुएर्तेनने लक्सिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारा लावून फ्रेंच ओपन जिंकली आणि त्यानंतर बघता बघता सगळा टूर, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंचं वर्तुळ, तिकडे वळला. कारणही चोख होतं. पॉली कडक असते आणि गुळगुळीतही. चेंडू घासून मारला की उभ्या तारा आडव्या तारांवरून बाजूला घसरतात आणि चेंडू सुटायच्या आत झटक्यात जागेवर येतात. येता येता चेंडूला आणखी फिरकी देतात. नायलॉनच्या तारा थोड्याच दिवसांत एकमेकींत रुतून बसतात, मग हा झटका मिळत नाही. पॉली आली आणि खेळाडूला जीव तोडून फटका मारायची मुभा मिळाली, कारण टॉपस्पिनमुळे, म्हणजे पुढच्या दिशेच्या फिरकीमुळे, चेंडू बेसलाइनच्या आत उतरणार याची खात्री होती.

पण हे सगळं घडायला तार सरकवण्याइतका वेगाचा फटका लागतो. अर्ध्या स्विंगमध्ये चेंडू ढकलणाऱ्याच्या रॅकेटवर पॉली सरकतच नाही. त्याच्या वाट्याला येतो तो फक्त तिचा कडकपणा.

शिवाय ‘अव्वल खेळाडू पॉली वापरतात’ या वाक्यात फेडररला कुठे बसवायचं? त्याच्या उभ्या तारा नॅचरल गटच्या होत्या, पॉली फक्त आडवी. जोकोविचचंही तसंच. उभ्या तारांवरच रॅकेटचा स्वभाव बराचसा ठरतो, म्हणजे या दोघांच्या रॅकेटीचा आत्मा गटचा. नादालची पूर्ण पॉली, कबूल. पण नादालचा फोरहँड आपल्याकडे आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता ‘तुटेपर्यंत बदलू नका’. या सल्ल्यातली सगळ्यात घातक ओळ ही, म्हणून जरा थांबतो.

फेडरर सामन्यात चेंडू बदलले की रॅकेटही बदलायचा. चेंडू पहिल्यांदा सात गेमनंतर बदलतात, पुढे दर नऊ गेमनंतर. म्हणजे एक रॅकेट जेमतेम तासभर हातात, मग नव्या तारांची दुसरी. आपण त्या लोकांची तार उचलली, पण ती बदलायची त्यांची सवय तेवढी सोडून दिली.

टिकाऊपणा या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. एक, तार तुटायला किती वेळ लागतो. दुसरी, तार किती दिवस जशी लावली तशी वागते. पॉली पहिल्या परीक्षेत चांगली आणि दुसरीत नापास. ती ताणली की थोडी ताणलेलीच राहते, पुरती परत येत नाही. रॅकेट नुसती पिशवीत पडून असली तरी ताण उतरत जातो, आणि खेळताना तर भराभर. त्यात उभ्या-आडव्या तारा जिथे एकमेकींना भिडतात तिथे खाचा पडतात आणि ज्या घसरण्यासाठी पॉली लावली ते घसरणंच बंद होतं. तार दिसायला शाबूत, काम मात्र संपलेलं.

मी स्वतः एक अख्खा मोसम एकाच पॉलीवर काढलाय. तुटली नाही याचं कौतुकही करून घेतलं. चेंडू हळूहळू लांब जायला लागले. फिरकी कमी झाली होती, पण मला वाटलं माझंच टायमिंग बिघडलंय. मग मी मूठ आणखी आवळून, फटका आखडून खेळायला लागलो. आणि एके दिवशी दाराची मूठ फिरवताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की पुढचे तीन महिने रॅकेट कोपऱ्यात. सगळा दोष तारेचा नव्हता. माझा बॅकहँड तेव्हाही उशिरा लागायचा आणि टेनिस एल्बोला ते एक कारण पुरतं. पण मेलेल्या तारेने त्या चुकीवर रोज मीठ चोळलं.

गटिंगच्या मशीनवर हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. चेंडू बाहेर जातायत म्हणून माणूस येतो आणि म्हणतो, “या वेळी दोन पौंड वाढव.” चार महिन्यांनी तीच पॉली घेऊन परत येतो आणि आणखी दोन वाढवायला सांगतो. त्याला हवी असते ताजी तार, तो मागतो जास्त ताण.

तपासायचं असेल तर सोपं आहे. मधली एक उभी तार बोटाने बाजूला ओढा आणि सोडा. टक्कन जागेवर आली तर ठीक. तिथेच तिरकी राहिली तर पॉली संपली. मी साधारण १५ ते २० तासांच्या खेळानंतर काढायला सांगतो. ‘आठवड्यात जितक्या वेळा खेळता, वर्षात तितक्या वेळा गटिंग’ हा जुना ठोकताळा नायलॉनला चालून जातो, पॉलीला तो फार ढिला आहे.

६० पौंडांचं काय? नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. ८५ चौरस इंचांच्या डोक्यावरचे (म्हणजे रॅकेटच्या तारा असलेल्या भागावरचे) ६० पौंड आणि १०५ इंचांवरचे ६० पौंड हे दोन वेगळे प्राणी आहेत. लांब तार तेवढ्याच ताणाला मऊ लागते. बोर्ग लाकडी रॅकेटवर ८० पौंडांच्या आसपास ताणायचा, सॅम्प्रस ८५ इंचांवर ७० च्या वर. हे आकडे ऐकले की लोकांना चेव येतो. पण दोघांचीही रॅकेट छोट्या डोक्याची आणि तार गटची, म्हणजे मुळात मऊ. पॉली आली तसे टूरवरचे आकडे खाली घसरले. फ्रान्सचा मानारिनो तर २५ पौंडांच्या आसपास खेळतो आणि त्याचे सपाट फटके जिथे हवे तिथेच पडतात.

घट्ट तारेने कंट्रोल मिळतो यात तथ्य आहे, पण कोणता कंट्रोल ते कोणी सांगत नाही. घट्ट तार कमी दबते, चेंडू जरा लवकर आणि खालच्या कोनात सुटतो, म्हणून आखूड पडतो. लांब जाणारे चेंडू कमी होतात, एवढंच. डावीकडे मारायचा तो उजवीकडे गेला तर त्यात पौंडांचा काही संबंध नाही. ढिल्या तारेने तोफ सुटते, हीही समजूतच. पाच-सात पौंड कमी केल्याने चेंडूचा वेग अगदी किरकोळ वाढतो, बदलतो तो मुख्यतः कोन. घट्ट तारेची किंमत मात्र हात मोजतो: तार कमी दबली की धक्का कमी वेळात आणि जास्त जोराने येतो. रॅकेटच्या दांडीवर किती ते किती पौंड हे छापलेलं असतं. नायलॉन त्या पट्ट्याच्या मध्यावर बसवा, पॉली त्याहून चार-पाच पौंड खाली.

जाड तारेबद्दल सल्ला बरोबर आहे. १.२५ मिमीऐवजी १.३० घेतली की तारेत साधारण ८ टक्के जास्त माल येतो, आणि तार मुख्यतः घासून तुटत असल्याने तेवढी जास्त चालते. पण ज्याची तार कधी तुटतच नाही त्याने जाडी वाढवून काय मिळवलं? थोडा आणखी कडकपणा.

डॅम्पनरचं प्रकरण दोन ओळींचं. चेंडू तारांवर सुमारे पाच मिलिसेकंद असतो आणि कोपराला बसायचा धक्का तेवढ्यात बसून जातो. डॅम्पनर थांबवतो ती त्यानंतरची तारांची झणझण, म्हणजे आवाज. अगासी साधा रबरबँड अडकवायचा, कारण कानाला तो ‘ठप्प’ बरा लागतो. मीही लावतो. औषध म्हणून नाही.

राहिलं नॅचरल गट. ही तार महाग आहे, दमट हवेत आणि ओल्या चेंडूंनी लवकर फुलते, म्हणून सगळ्यांना परवडणारी नाही. पण ताण धरून ठेवण्यात आजही तिला तोड नाही, आणि मऊपणातही. इतिहासजमा झालेल्या वस्तूवर जोकोविचने इतकी ग्रँड स्लॅम कशी जिंकली, हे तो सल्ला लिहिणाऱ्याला विचारायला हवं.

ज्याने मला ‘हे वाच’ म्हणून पाठवलं त्याची रॅकेट परवा मशीनवर होती. पॉली, ५८ पौंड, सात महिन्यांची. मी १.३० ची मल्टिफिलामेंट, म्हणजे बारीक धाग्यांची मऊ तार, ५३ वर बसवली, दांडीवर तारीख चिकटवली आणि सांगितलं की ही दोन आठवड्यांत तोडून दाखवलीस, तर तुला पॉली लावून देतो. अजून तरी आलेला नाही.